नवा कॉम्प्युटर, जुन्या पट्ट्या

सासुरवाडीत माझी ओळख ‘कॉम्प्युटरातलं कळणारे सर’ अशी आहे. खरं तर मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण २००१ साली आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्या साउंड कार्डाची सीडी हरवली आणि तीन महिने तो मुकाच राहिला. त्या तीन महिन्यांत खटपट करून जे काही शिकलो, त्या भांडवलावर आजही गोकाकात माझा भाव टिकून आहे. कोणाचा प्रिंटर चालेना, कोणाच्या मोबाइलवर कन्नड अक्षरं उमटेनात, की मला फोन येतो. भाव टिकवायचा म्हणून मीही कधी ‘मला ठाऊक नाही’ म्हणत नाही. ही सवय किती महागात पडू शकते, ते आज सांगणार आहे.

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर मेव्हण्यांचा फोन आला. भाचा दोन वर्षं एका फोटोग्राफरच्या हाताखाली लग्नांचे व्हिडिओ करत होता. आता त्याला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. कॅमेरा भाड्याने मिळतो, पण एडिटिंगला स्वतःचा कॉम्प्युटर हवा. मेव्हण्यांचं मत, दुकानातून तयार घ्यावा; बिघडला तर दुकानदाराला धरता येतं. मी म्हटलं, सुटे भाग आणून आपणच जोडू, त्याच पैशात सरस होईल. “सर म्हणतात तर तसं,” म्हणून मेव्हण्यांनी विषय संपवला. पैसे वहिनींच्या भिशीचे होते. पंचावन्न हजारांत मॉनिटरसकट सगळं बसवायचं होतं.

यादी केली. ग्राफिक्स आतच असलेला रायझन प्रोसेसर, साधा पण बरा मदरबोर्ड, एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय. अडलं ते मेमरीपाशी. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भराभर चढले. एआयची डेटा सेंटरं उभी करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या मेमरी उचलत सुटल्या आणि त्याची झळ आमच्या गोकाकच्या भिशीपर्यंत पोचली. व्हिडिओच्या कामाला ३२ जीबी हवी, पैसे १६ पुरतेच. तेव्हा मी औदार्य दाखवलं. माझ्या २०१९ च्या कॉम्प्युटरमध्ये आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर ४ पट्ट्या होत्या. तो कॉम्प्युटर तसाही धूळ खात पडलेला. “या घाल, मामाकडून भेट,” म्हटलं. भाचा खूश, वहिनी खूश. घरी येताना त्यांनी करदंटाचा डबा आणला होता, तो मी तृप्त मनाने ठेवून घेतला.

शनिवारी रात्री आमच्या शहापुरातल्या घरी जेवणाच्या टेबलावर जोडणी झाली. स्क्रू, केबली, पंखा, सगळं जागच्या जागी बसलं. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन उजळला. भाच्याने देवापुढे उदबत्ती लावली. मग पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ घालायला घेतलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या यंत्रावर जुनं घालण्यात अर्थ नव्हता.

अर्ध्या वाटेत विंडोज म्हणालं, इंटरनेटला जोडा. वाय-फायची यादी रिकामी. केबल लावली तरी ‘नेटवर्क नाही’. पुढे जायचं बटणही चालेना. म्हणजे झालं असं, की मदरबोर्डावरची नेटवर्कची चिप नव्या जातीची, तिचा ड्रायव्हर विंडोजपाशी नाही. ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. मदरबोर्डाच्या खोक्यात सीडी होती, पण आता सीडी घालायला जागाच कुठे असते? शेवटी भाच्याचाच अँड्रॉइड फोन कामी आला. फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला लावायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. कॉम्प्युटर त्यालाच नेटवर्क कार्ड समजतो. एवढं करायला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, वाचकहो, रात्री अकरा वाजता फार उपयोगी पडते. नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा.

विंडोज आलं, पण चित्र ठसठशीत, अक्षरं फुगलेली. भाचा म्हणाला, “मामा, मॉनिटर खराब दिला काय?” मॉनिटर चांगला होता. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर अजून यायचा होता आणि तोवर विंडोज स्वतःच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर दिवस ढकलत होतं.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे आमच्यासारख्या घरांना समजवायला वेळ लागत नाही. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. माझी आई आणि माझ्या सासूबाई दोघी एका माजघरात बसल्या की मध्ये माझी बायको लागते. ती स्वयंपाकघरात गेली तरी दोघींचं अगदीच अडत नाही. आई “ऊटा आतेनरी?” विचारते, सासूबाई “झालं, झालं” म्हणतात. पण गोष्ट दुखण्याखुपण्यावर किंवा लग्न जुळवण्यावर आली की दुभाष्याला हाक मारावीच लागते. विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर ‘ऊटा आतेनरी’पुरता असतो. चित्र दाखवतो, पण ग्राफिक्सच्या अंगातली खरी ताकद त्याला सांगता येत नाही.

कुठला दुभाषा गैरहजर आहे, ते ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये कळतं. स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक केलं की यादीत ते नाव असतं. ज्याच्यापुढे पिवळा त्रिकोण, त्याचा ड्रायव्हर नाही किंवा बिनसलेला. काही ठिकाणी नुसतं ‘अननोन डिव्हाइस’ असतं. त्याचीही ओळख पटवता येते. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’खाली ‘हार्डवेअर आयडी’ असतो, त्यात ‘व्हेन’ या अक्षरांपुढे कंपनीचा क्रमांक लिहिलेला असतो. १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई असेल तर एनव्हीडिया, १००२ असेल तर एएमडीचं ग्राफिक्स आणि ८०८६ असेल तर इंटेल. १९७८ साली निघालेल्या आपल्या नामांकित प्रोसेसरचाच क्रमांक इंटेलने ओळखीसाठी घेतला आहे.

ड्रायव्हर घालताना मी क्रम पाळतो. आधी चिपसेट, म्हणजे मदरबोर्डाचा स्वतःचा. मग नेटवर्क, मग ग्राफिक्स, शेवटी आवाज. पुष्कळसे ड्रायव्हर विंडोज अपडेट आपणहून आणतं, त्याला आधी पाऊण तास द्यावा. उरलेले मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्यावेत, पण बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव पाहून. एका अक्षराने नाव वेगळं असलं तरी बोर्ड वेगळा असतो. आणि ‘तुमचे सतरा ड्रायव्हर जुने झालेत, एका क्लिकमध्ये दुरुस्त करा’ असं सांगणारे जे फुकटे प्रोग्राम इंटरनेटवर भेटतात, त्यांना उंबऱ्याबाहेरूनच रामराम करावा.

रात्री दीडपर्यंत एकही पिवळा त्रिकोण उरला नाही. इथेच उठलो असतो, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

भाच्याने टास्क मॅनेजर उघडून मेमरीचं पान पाहिलं. ३२ जीबी दिसत होती, पण वेगापुढे आकडा होता २४००. नव्या पट्ट्यांच्या खोक्यावर ठळक छापलेलं ३६००. “मामा, दुकानदाराने आपल्याला मामा बनवलं!” तो तावातावाने म्हणाला. सकाळी दुकानात जाऊन भांडायची तयारी सुरू झाली.

दुकानदाराचा काही दोष नव्हता. प्रत्येक पट्टीवर एक बारीकशी चिप असते, तिच्यात त्या पट्टीची जन्मकुंडली लिहिलेली असते. यंत्र पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड ती वाचतो आणि जो वेग कुठल्याही बोर्डावर बिनधोक चालेल असा ठरलेला आहे, तोच लावतो. खोक्यावर छापलेला मोठा वेग हा त्याच कुंडलीतल्या दुसऱ्या पानावर असतो. त्या पानाला एक्सएमपी म्हणतात. इंटेलने ते २००७ साली आणलं. २०२२ मध्ये एएमडीने डीडीआर ५ साठी एक्स्पो नावाचं स्वतःचं पान आणलं. हे पान आपण बायॉसमध्ये जाऊन मुद्दाम निवडल्याशिवाय लागू होत नाही. घरोघरी कित्येक कॉम्प्युटर पैसे मोजलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने वर्षानुवर्षं चालत असतात, ते यामुळे.

मग भाच्याने आणखी एक प्रोग्राम उघडला, त्यात वेग १२०० दिसला. आता तो रडकुंडीला आला. त्याला मी वडगावच्या मागावर नेलं, म्हणजे बोलण्यातून. धोटा डावीकडून उजवीकडे जाताना एक धागा टाकतो आणि परत येतानाही एक टाकतो. फेरी एक, धागे दोन. डीडीआर म्हणजे हेच. घड्याळाचा ठोका चढताना एकदा आणि उतरताना एकदा माहिती जाते. ठोके सेकंदाला १२०० दशलक्ष, तर फेका २४००. एक प्रोग्राम ठोके दाखवतो, दुसरा फेका. दोन्ही खरे.

फरक किती पडतो, तेही हिशेब करून दाखवलं. मेमरीच्या एका वाटेने दर फेकीला ८ बाइट जातात. २४०० ने सेकंदाला १९.२ जीबी, ३६०० ने २८.८ जीबी. पट्ट्या नीट जोडीने बसवल्या तर वाटा दोन होतात, म्हणजे ३८.४ आणि ५७.६. (दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालाव्यात.) ज्या प्रोसेसरात ग्राफिक्स आतच असतं, ते ग्राफिक्सही याच मेमरीवर जगतं, म्हणून तिथे हा फरक डोळ्यांना जाणवतो.

एवढं सगळं पोपटासारखं सांगितल्यावर मला पुढची गोष्ट आठवायला हवी होती. चारांपैकी दोन पट्ट्या माझ्या जुन्या होत्या, आणि त्यांच्यावर छापलं होतं ३२००. शिवाय चारही खाचा भरल्या की प्रोसेसर बनवणारी कंपनी हमीचा वेग आणखी खाली आणते, कारण चार पट्ट्यांना एकदम सांभाळणं जड जातं. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण दीड वाजला होता, भाचा कौतुकाने बघत होता. दारात उभी राहून वहिनी म्हणाल्या, “सावकाश माडरी, गडबड याके?” सावकाश हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे, तो दोन्ही भाषांत न ऐकण्याची सोयही आहे. मी डिलीट की दाबून बायॉसमध्ये गेलो, एक्सएमपी निवडलं, सेव्ह केलं. यंत्र दोनदा आपणहून बंद-सुरू झालं आणि उठलं. टास्क मॅनेजरमध्ये ३६००. भाच्याने टाळी दिली. “सुरू झालं म्हणजे झालं,” असं म्हणून मी झोपायला गेलो.

रविवारी कॉम्प्युटर गोकाकला गेला. गुरुवारी भाच्याचं पहिलं स्वतंत्र काम होतं, ओळखीतल्याच एका घरचं लग्न. चार मेमरी कार्डं भरली. शुक्रवारी त्याने चारही कार्डं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पुढच्या रविवारी एक बारसं होतं, म्हणून शनिवारी दुपारी चारांपैकी दोन कार्डं फॉरमॅट करून ठेवली. कॉपी करताना एकदाही चूक दाखवली नव्हती, मग शंका येणार कशी?

शनिवारी रात्री अकराला फोन. “मामा, एनातु गोत्तिल्ल…” पुढे त्याला बोलताच येईना. क्लिपा मध्येच थांबत होत्या, कुठे हिरवे चौकोन दिसत होते. फोटोंची झिप फाइल उघडताना चूक दाखवत होती. दोनदा निळा स्क्रीन येऊन यंत्र बंद पडलं होतं. मागून मेव्हण्यांचा आवाज ऐकू आला, “तयार घेऊया म्हटलं होतं मी.” मला उद्देशून नव्हतं ते, पण लागायचं तिथे लागलं. मी एवढंच सांगितलं, “त्या दोन कार्डांवर आता काही म्हणजे काही उतरवू नकोस. बारशाला दुसरी कार्डं माग. मी पहिल्या बसने येतो.” बरोबर माझा लॅपटॉप घेतला.

आधी दोष कुणाचा ते ठरवायचं होतं. कार्डाचा, कॅमेऱ्याचा की कॉम्प्युटरचा? फॉरमॅट न केलेल्या कार्डावरची एक मोठी क्लिप नव्या कॉम्प्युटरवर तीन वेळा कॉपी केली आणि तिन्हींचा चेकसम काढला. चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक कण जरी बदलला तरी ठसा निराळा येतो. तीन कॉपींपैकी एकीचा ठसा निराळा आला. तेच कार्ड माझ्या लॅपटॉपला लावून तीनदा कॉपी केलं, तिन्ही ठसे एक. म्हणजे कार्ड निर्दोष, कॅमेरा निर्दोष. दोष मी जोडलेल्या यंत्रात.

मग पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ घालून यंत्र त्यावरून सुरू केलं. हा प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि परत वाचून ताडून बघतो. वीस मिनिटांत लाल ओळी दिसू लागल्या. माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या क्षणी मला शनिवारची रात्र आठवली, ३६०० चा आकडा आठवला आणि माझ्या जुन्या पट्ट्यांवरचं ३२०० सुद्धा.

जुन्या दोन काढून नव्या दोनच ठेवल्या, ३६०० ला चाचणी स्वच्छ. नव्या काढून जुन्या दोन ३२०० ला लावल्या, तीही स्वच्छ. चारही परत घालून ३६००, पुन्हा लाल ओळी. एकही पट्टी खराब नव्हती. बोर्डाने नव्या पट्टीच्या कुंडलीतलं पान वाचलं आणि तोच वेग चौघींवर लादला. जुन्या दोघी धापा टाकत पळत होत्या, बहुतेक वेळा पोचत होत्या, अधूनमधून एखादा कण चुकवत होत्या.

ही चूक बोलत नाही, हेच तिचं वाईट. फाइल कार्डावरून एसएसडीवर जाते ती मेमरीतून. मेमरीत एका ठिकाणी शून्याचा एक झाला, तर कॉम्प्युटर ते चुकलेलंच मन लावून लिहून ठेवतो. त्याला काही चुकलं हे कळतच नाही. मोठ्या सर्व्हरांत अशी चूक धरणारी वेगळी मेमरी वापरतात, आपल्या घरच्या यंत्रांत ती नसते. यंत्र सुरू झालं म्हणजे वेग त्याला मानवला, असं मुळीच नाही. अजिबात सुरू न होणं हे त्या मानाने परवडलं. तेव्हा बहुतेक बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपणहून जुन्या वेगावर येतात. नाहीच आले, तर वीज पूर्ण काढून बोर्डावरचं रुपयाएवढं सेल, सीआर २०३२, पाच-दहा मिनिटं काढून ठेवलं की बायॉस मूळपदावर येतं. तिथे नुकसान होतं ते फक्त झोपेचं.

आता कार्डं. फॉरमॅट न केलेली दोन लॅपटॉपवर व्यवस्थित उतरली. फॉरमॅट केलेल्या दोन कार्डांसाठी फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरला. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं बहुधा तशीच राहतात, जोवर त्यांच्यावर नवं कोणी लिहीत नाही तोवर. म्हणूनच काही उतरवू नकोस म्हणालो होतो. संध्याकाळपर्यंत क्लिपा परत आल्या. मंगलाष्टकं आली, अक्षता आल्या, सप्तपदी आली. भाचा एकेक लावून बघत होता, वहिनी मागे उभ्या होत्या. एक क्लिप काही केल्या धड लागली नाही. व्याहीभेटीची. हार हातात घेतलेले दोघे व्याही समोरासमोर येतात, आणि तिथेच चित्र फुटतं. कॉम्प्युटरवरची तिची कॉपी त्याच्याही आधी फुटत होती.

त्या घरी सांगायला भाचा एकटाच निघाला होता. मी म्हटलं, मीही येतो. रस्त्यात तो म्हणाला, “मामा, कार्ड खराब निघालं म्हणून सांगूया का?” मला मोह झाला नाही असं नाही. सांगितलं असतं तर खपलं असतं, माझाही भाव राहिला असता. पण त्या पोराच्या धंद्याचा हा पहिला आठवडा होता. पहिल्याच आठवड्यात मामाने त्याला खोटं बोलायला शिकवलं, असं व्हायला नको होतं.

मुलीच्या वडिलांना मी कन्नडमध्येच सांगितलं, मोडकंतोडकं, पण सरळ. कॉम्प्युटर मी जोडला, घाईत चुकीचा वेग लावला, त्यामुळे व्याहीभेट गेली. मुलाची यात चूक नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत हाक मारून चहा सांगितला. “आगली बिडरी,” म्हणाले, “लग्न तर नीट लागलं.” पण त्यांचा चेहरा उतरलेला होता, ते मी पाहिलं. भाच्याने बिलातले दोन हजार आपणहून कमी केले. ते मी द्यायला गेलो, तर त्याने घेतले नाहीत.

रात्री विंडोज पुसून नव्याने घातलं. आठवडाभर जे यंत्र चुकतमाकत लिहीत होतं, त्याच्यावर आधीच बसलेल्या फायलींचा भरवसा कसा धरायचा? ड्रायव्हर पुन्हा त्याच क्रमाने घातले, या खेपेला तासाभरात. मेमरीचा वेग चारही पट्ट्यांना मिळून २९३३ ठेवला आणि मेमटेस्ट रात्रभर चालू दिला. सकाळी एकही लाल ओळ नव्हती. ३६०० आणि २९३३ यांतला फरक भाच्याला कामात जाणवतो का, विचारलं. म्हणाला, “व्हिडिओ बनायला चहा पिण्याइतका वेळ जास्त जातो. तेवढ्यात चहा पितो.”

तेव्हा मंडळी, घरात पोरं नवा कॉम्प्युटर जोडत असतील, तर एवढं त्यांच्या कानावर घाला. ड्रायव्हर मूळ ठिकाणाहून घ्या. मेमरी घ्यायची तर एका खोक्यातली जोडी घ्या. जुनी मिसळायचीच असेल, तर सगळ्यांत अशक्त पट्टीला जमेल त्याहूनही थोडा कमी वेग ठेवा. वेग बदलला की मेमरीची चाचणी किमान एक रात्र चालू द्या. विंडोजमध्येही मेमरी डायग्नॉस्टिक नावाची चाचणी असते, ती निदान पहिल्या चाळणीला चालेल. बायॉस अपडेट करायचं झालं तर वीज जायच्या दिवसांत यूपीएसशिवाय करू नका, मध्येच वीज गेली तर बोर्ड उठणार नाही. आणि मूळ कार्ड, मूळ कागद, मूळ काहीही असो, दोन वेगळ्या ठिकाणी धड कॉपी झाल्याची खात्री होईपर्यंत पुसू नका.

कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला भाच्याने एक कागद चिकटवला आहे. त्यावर वेगाचा आकडा, चाचणीची तारीख आणि खाली कन्नडमध्ये एकच शब्द लिहिला आहे, सावकाश. अक्षर वहिनींचं आहे. गोकाकात गेलो की मेव्हणे मला अजून ‘सर’च म्हणतात. फक्त आता कोणी काही विचारलं, की मी “बघून सांगतो” म्हणायला शिकलो आहे.